चौदा तास दहा मिनिटं

तुम्ही खोटं लिहिलंत. साफ खोटं!

तुमचं नाव मी घेत नाही, कारण तुमच्या त्या पानावर नावच नाही. सही नाही, शिक्का नाही, फोन नंबर नाही. मोबाईलवर उघडणारं एक निळं पान, त्यात दोन चौकटी. एका चौकटीत एक विमानतळ टाका, दुसरीत दुसरा टाका, बटण दाबा, की तुम्ही छातीठोकपणे सांगून मोकळे! ऑकलंड ते नागपूर. अंतर अकरा हजार आठशे नव्वद किलोमीटर. उड्डाणाचा वेळ चौदा तास दहा मिनिटं. आणि दोन गावांच्या मध्ये एक वाकडी रेघ, तिच्यावर इवलंसं विमान. त्या विमानानं माझी महागाव तालुक्यात जी शोभा केली ती आता मी जगापुढं मांडतो. वाचकांनी वाचावं आणि तुम्हीही वाचावं. तुम्ही तर आधी वाचावं!

माझा अधिकार काय, ते सांगतो. मी एसटीत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. स्टँडावर जाळीच्या खिडकीमागून "उमरखेडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे" असा जो आवाज यायचा, तो माझा. कोणती गाडी किती वाजता कुठं असेल, हे मी डोळे मिटून सांगायचो. रिटायर झालो तरी लोक मलाच विचारतात. महागावात कोणी नांदेडला निघालं की आधी माझ्या ओट्यावर येतं. माझा अंदाज आजवर पाच मिनिटांच्या वर चुकलेला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई म्हणून सांगायचं असतं तर दोन मिनिटं म्हणालो असतो.

तर माझा पुतण्या अंकुर. माझे थोरले भाऊ विठ्ठलराव आणि विमलवहिनी यांचा एकुलता एक. तो चार वर्षांपासून न्यूझीलंडमध्ये एका गोठ्यावर कामाला आहे. गोठा म्हणजे आपल्यासारखा नव्हे. सहाशे गायी, आणि एकीलाही हात लावायचा नाही, सगळं मशीन करतं. त्याला वणीची एक मुलगी सांगून आली. नाव खुशी, नर्सिंग झालेली, बोलायला चटपटीत. सहा महिने दोघांचं फोनवर बोलणं चाललं आणि दोघांनीही होकार दिला.

अडला तो मुलीचा बाप! सदाशिवराव. वणीकडच्या कोळसा खाणीत शिफ्ट सांभाळणारा माणूस. भोंगा वाजला की खाली, भोंगा वाजला की वर. तीस वर्षं त्यानं भोंग्यावर काढली. शब्द मोजून बोलायचा. आम्ही तिघं वणीला त्याच्या घरी बोलणी करायला गेलो.

"पोरगं चांगलं हाय," तो म्हणाला, "पन लय दूर हाय. पोरगी बिमार पडली त मी कवा पोचू? नाही देत."

विठ्ठलदादा परत फिरायला निघाला. वहिनींनी पदर डोळ्याला लावला. मी म्हणालो, थांबा!

खिशातून मोबाईल काढला. तुमचं निळं पान उघडलं. सदाशिवरावांच्या पुढ्यात धरलं आणि होणाऱ्या व्याह्याला आधीच 'इवाई' म्हणून टाकलं.

"इवाई, तुमची मोठी पोरगी कुठं देल्ली?"

"पुन्याले."

"वणीवरून पुन्याले गाडी किती तास घेते?"

"चौदा. कधी पंधरा."

"हे पाहा काय लिहिलं हाय. चौदा तास दहा मिनिटं! मंग न्यूझीलंड न पुनं सारखंच झालं का नाही? उलट विमानात धक्के कमी!"

सदाशिवरावांनी चष्मा लावला. ती वाकडी रेघ बोटानं ऑकलंडपासून नागपूरपर्यंत चालत पाहिली. मग एकदा परत उलटी चालत पाहिली.

"एवढंच लागते?"

"एकतीस वर्षं गाड्या सोडल्या, इवाई. मी सांगून राह्यलो न."

त्यांनी चष्मा काढला. मग आतल्या खोलीकडं तोंड करून बायकोला म्हणाले, "चौदा तास म्हनते वो." आणि चहा आला. तो चहा म्हणजे होकार.

आता नीट ऐका. तिथंच तुम्ही मला बुडवलंत, तेव्हाच! पण त्या दिवशी मला ते कळलं नाही. त्या दिवशी मी वणीहून महागावपर्यंत जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून आलो आणि दादा मागं बसला.

डिसेंबरातला एक मंगळवार ठरला. दुपारी चार वाजता आमच्या घरी कुंकवाचा कार्यक्रम. मुलीकडची मंडळी घर पाहतील, आम्ही मुलीला कुंकू लावू, साडी-नारळ देऊ. सोयरीक पक्की. अंकुर त्याच दिवशी पोचणार. वेळापत्रक अर्थातच माझ्याकडं.

अंकुरचा फोन आला. "काका, मी सोमवारी निघून राह्यलो. रात्रीचं साडेअकराचं विमान. पन काका, मी बुधवारी..."

"तू बस फक्त," मी म्हणालो. "पोचायचं मी पाहतो."

"काका, तिकीट पाठवलं हाय, ते पाहा."

"तिकीट कंडक्टरनं पाहायचं असते बेटा, कंट्रोलरनं नाही."

मी हे उगाच म्हणालो नाही. एकतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. गाडी केव्हा पोचेल हे प्रवाशाला कधी विचारू नये. प्रवाशाला फक्त खिडकी हवी असते. किलोमीटर आणि वेग पाहून हिशोब करतो तो कंट्रोलर. तर मी केला. त्यांचं घड्याळ आपल्यापुढं साडेसात तास. (हे मी बरोबर धरलं होतं, लक्षात ठेवा. सामान्य माणूस इथंच चुकतो!) म्हणजे त्यांचे रात्रीचे साडेअकरा ते आपले सोमवार दुपारचे चार. त्यात तुमचे चौदा तास दहा मिनिटं मिळवा. मंगळवार सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नागपूर. सामान वगैरे सव्वा तास. नागपूर ते महागाव पाच तास, वर कळंबला चहाची पाच मिनिटं. साडेबारा वाजता अंकुर दारात! कार्यक्रम चारला. साडेतीन तास हातात. पोरगं आंघोळ करून झोपून उठेल.

मी हे कागदावर लिहून दादाच्या देवघराजवळ चिकटवलं. वहिनी म्हणाल्या, "अंकुर त बुधवार म्हणे भाऊजी."

"वहिनी, गाड्या त्यानं सोडल्या का मी?"

वहिनींना पटलं. पोटच्या पोरापेक्षा माझ्यावर विश्वास! या विश्वासाचं तुम्ही काय केलंत, ते पुढं येतं.

सोमवारी मी जीप घेऊन नागपूरला साडूकडं मुक्कामी गेलो. जीप आमच्या गल्लीतल्या जीवनची, चालवणाराही तोच. मंगळवारी सकाळी साडेपाचला मी झेंडूचा हार घेऊन विमानतळावर हजर. सहा दहा झाले. सहा वीस झाले. लोक बाहेर आले, पण सगळे दिल्ली-मुंबईचे वाटत होते, कोणाच्याही अंगाला गायीचा वास नाही. दारावरच्या जवानाला विचारलं.

"साहब, ऑकलंड की गाडी लगी क्या?"

"कहाँ की?"

"ऑकलंड. न्यूझीलंड."

"चाचा, वो यहाँ नहीं आती."

"आज नहीं आती?"

"कभी नहीं आती."

मी चौकशीच्या खिडकीशी गेलो. आतली मुलगी चांगल्या घरची होती, हसली नाही. मी तिला तुमचं पान दाखवलं.

"काका, हे नुसतं अंतर आहे. मधून रेघ ओढली तर किती, एवढंच. असं विमान नाहीये."

"विमान नाही मग वेळ कायले लिहिली?"

"ते... हिशोबानं लिहितात."

"ताई, आमच्या स्टँडावर जी गाडी धावत नाही तिची वेळ फळ्यावर लिहिली असती, तर लोकांनी फळा उपटून माझ्या डोक्यात घातला असता! तक्रार वही द्या."

"याची तक्रार वही आमच्याकडे नाही काका. ते पान आमचं नाही. तुमच्याजवळ तिकीट आहे का?"

तिनं माझ्याच मोबाईलमधलं अंकुरचं तिकीट उघडलं आणि मला वाचून दाखवलं. ऑकलंडहून सिंगापूर. तिथं तेरा तास बसायचं. मग मुंबई. तिथं रात्रभर बसायचं. मग नागपूर, बुधवार सकाळी साडेसात.

मी हार जीपच्या आरशाला अडकवला आणि खाली बसलो.

जीवन म्हणाला, "काका, घरी फोन करून सांगून टाका. उद्या येते म्हना."

इथं मी माझी चूक कबूल करतो. तुमची चूक पहिली, माझी दुसरी. पण एकतीस वर्षांची सवय सुटत नाही हो! स्टँडावर "गाडी रद्द आहे" असं कधी सांगायचं नसतं. रद्द म्हटलं की लोक खिडकीवर धावून येतात. "थोडी लेट आहे" म्हटलं की शेंगदाणे घेऊन बसतात. मी फोन लावला आणि तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "वहिनी, गाडी थोडी लेट हाय."

जीवननं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला म्हणालो, "तू तोंड उघडायचं नाही. घरी गेलो का मी पद्धतशीर समजावतो."

दुपारी एकला आम्ही महागावात. वहिनी धावत आल्या, जीपमध्ये वाकून पाहिलं, मागच्या सीटवर पाहिलं, सीटखाली पाहिलं.

"अंकुर कुठं हाय?"

अंगणात पन्नास माणसं. मांडव. दादा नव्या टोपीत. पद्धतशीर समजावायला तोंड उघडलं आणि निघालं काय? "मागच्या गाडीनं येऊन राह्यला. ते रिकामी होती."

जीवन सरळ जेवणाच्या पंगतीत जाऊन बसला.

त्यानंतर काय झालं ते मी आजही आठवायचं टाळतो, पण वहिनी रोज आठवण करून देतात. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की त्या ओवाळायचं ताट घेऊन धावायच्या. पहिली गाडी आली, त्यात बियाणं कंपनीचा माणूस. वहिनींनी ओवाळलं. दुसरी गाडी जनावरांच्या डॉक्टरची. ओवाळून झाल्यावर डॉक्टर म्हणाला, "म्हैस कुठं आहे?" तिसऱ्या गाडीपर्यंत वहिनींनी चेहरा पाहणंच सोडलं होतं. दार उघडलं, मान आली, कुंकू लावलं. ते निघाले सदाशिवराव! सव्वातीनला, वेळेच्या पाऊण तास आधी. मागं खुशी, तिच्या दोन मावश्या आणि मामा घनश्याम. खुशीची आई पायाला प्लास्टर म्हणून वणीलाच होती.

सदाशिवराव कपाळावरच्या कुंकवाला हात लावून म्हणाले, "एवढा मान देल्ला वहिनीबाई. आमच्याकडं पुरुषाले कोनी ओवाळत नाही." ते खूश झाले. मला वाटलं, निभलं.

पण मामा घनश्याम! हा माणूस खाणीवर ट्रकची नोंद ठेवतो. कोणता ट्रक कोणत्या गेटातून किती वाजता निघाला, हे त्याचं काम. माझ्याच जातकुळीचा प्राणी, फक्त अजून नोकरीत.

"पोरगं कुठं?" त्यानं विचारलं.

"येऊन राह्यलं. थोडी लेट हाय."

"कुठपर्यंत आली गाडी?"

आता मला सांगा, कंट्रोलरला "कुठपर्यंत आली" विचारल्यावर तो "माहीत नाही" म्हणेल का? "यवतमाळ सोडलं," मी म्हणालो.

घनश्यामनं घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटांनी परत आला. "आता?"

"आर्णी आली असन."

"अरे वा! आर्णीले माही बहीन राह्यते, रोडलेच घर हाय. तिले सांगतो, गाडी थांबवून पोराच्या हाती पेढे दे म्हना. गाडीचा नंबर काय?"

"नंबर... पांढरी गाडी हाय."

त्यानं बहिणीला फोन लावला. आर्णीच्या नाक्यावर ती बाई पेढ्यांचा डबा घेऊन उभी राहिली आणि दिसेल ती पांढरी गाडी थांबवायला लागली. दर पाच मिनिटांनी तिचा फोन. एक लग्नाची गाडी थांबवली, त्यातल्या नवऱ्यालाच पेढा भरवला. एक आमदाराची निघाली. एका पांढऱ्या गाडीत बकऱ्या होत्या. अंकुर कशातच नव्हता.

"गाडी आर्णीले आलीच नाही," घनश्याम म्हणाला. अंगणात सगळे माझ्याकडं बघायला लागले. नसलेली गाडी मी नागपूरहून आर्णीपर्यंत आणली होती, तिला आता पुढंही नेता येईना आणि मागंही!

"पंक्चर झाली," मी म्हणालो. "आर्णीच्या अलीकडं."

वाटलं, पंक्चर म्हटल्यावर लोक बसतील. आपल्या लोकांची माया मी विसरलो. पाच जण ताडकन उठले. कोणी जॅक आणला, कोणी हवेचा पंप. विठ्ठलदादा नव्या टोपीसकट कोणाच्या तरी मोटारसायकलच्या मागं बसला, मांडीवर स्टेपनी घेऊन. पासष्ट वर्षांचा माणूस! "पोरगं चार वर्षांनी येऊन राह्यलं न रस्त्यात उभं हाय," म्हणत होता.

ते पाहून माझं पाणी झालं. मी मोटारसायकलच्या पुढं आडवा झालो. "दादा, उतर."

"काहून?"

"उतर म्हणतो न!"

घनश्याम ओळखायचं ते ओळखून गेला. पण भलतंच. तो मांडवाच्या मधोमध उभा राहिला. "मी सांगतो काहून! पोरगं आलंच नाही. विमान लेट, मंग मागची गाडी, मंग पंक्चर. अन फोन बंद! दाजी, तिकडं त्यानं गोरी करून ठेवली असन. चला, उठा!" मग त्यानं जीवनला धरलं. "का रे, तू त संगं होता. खरं सांग, पंक्चर झाली?"

"मले इचारू नका," जीवन म्हणाला, "मी जेवून राह्यलो." त्याची ती चौथी पंगत होती.

वहिनी ओवाळायचं ताट घेऊन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मावश्यांनी पिशव्या उचलल्या. सदाशिवराव उभे राहिले. सोयरीक तुटते तेव्हा आवाज होत नाही, माणूस नुसता चपला शोधतो. ते चपला शोधत होते.

आणि आतून खुशी आली.

"मामा, कायले बोंबलून राह्यला? ते विमानात हायेत म्हणून फोन बंद हाय. चार वाजता सिंगापूरवरून बसले. आज मुंबई, उद्या साडेसातले नागपूर." तिनं मोबाईल पुढं केला. त्यावर अंकुरचं विमान समुद्रावर सरकत होतं. हे विमान खरं होतं, तुमच्यासारखं नव्हे!

"तुले माहीत होतं?" सदाशिवराव म्हणाले.

"तिकीट काढलं तवापासून."

"मंग बोलली काहून नाही?"

"मले कोनी इचारलं? मंगळवार काकांनी ठरवला. ते म्हणे, काकांले दोनदा सांगतलं, आयकत नाही. मले वाटलं, मोठ्या माणसांनी जुन्या रीतीनं ठरवलं असन, बिनापोराचं कुंकू. आजीच्या वख्ती तसंच होये न?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी सांगितलं. विमानतळ, हार, तिकीट, सगळं. एकदा सुरुवात केली, मग थांबलो नाही. नसलेली गाडी, नसलेलं पंक्चर, सगळं!

घनश्याम हसायला लागला. दादा हसला नाही. स्टेपनी मांडीवरून उतरवली आणि आत गेला.

सदाशिवराव माझ्याजवळ आले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुमी चौदा तास म्हनले होते."

"चौदाच हायेत इवाई... थेट गेलं तर."

"थेट जाते?"

"नाही."

"खुशीच्या मायले मी चौदा तास सांगतलं. मोठीसारखीच हाय म्हनलं, पुन्याएवढी. त्याच्यावर हो म्हनलं मी. आता किती हाय ते तुमाले तरी माहीत हाय का?"

मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी वेळ विचारणाऱ्याला 'माहीत नाही' म्हणालो.

"उद्यापर्यंत थांबतो," ते म्हणाले. "पोराले पाह्यतो. मंग सांगतो." आणि त्यांनी नारळ हातात न घेता तसाच पाटावर राहू दिला.

बुधवारी जीवन एकटाच नागपूरला गेला. मला कोणी जा म्हणालं नाही. दुपारी जीप दाराशी लागली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. साडेबारा! मिनिटाचाही फरक नाही. मी म्हणालो, "पाहा, वेळ बरोबर होती, फक्त वार चुकला!" कोणी हसलं नाही.

अंकुर उतरला. अंगात थंडीचं जाड जाकीट, डोळे लाल, एक बूट बांधलेला, एक सुटलेला. वहिनींनी ओवाळलं. तो वाकून आधी जीवनच्या पाया पडला, मग मांडवाच्या खांबाच्या. खुशी तोंडावर हात धरून आत पळाली. त्याला सदाशिवरावांच्या शेजारी सतरंजीवर बसवलं. घनश्याम उलटतपासणीला समोर बसला.

"केव्हा निघाले जवाईबापू?"

अंकुर विचारात पडला. "कोनत्या घड्याळानं?" तो म्हणाला. "तिकडं सोमवार होता... मंग परत सोमवार झाला... मी गायीले..." आणि वाक्य तिथंच राहिलं. मान कलली, थेट सदाशिवरावांच्या खांद्यावर. घोरायला लागला.

दादा हलवायला धावला. सदाशिवरावांनी हात वर केला. खाणीत ट्रॉली थांबवतात तसा.

"झोपू द्या. डबल शिफ्ट करून आलेलं मानूस उठवत नसते."

"पन इवाई, कुंकू..."

"लावा तुमी. त्याचं काय काम हाय त्याच्यात?"

आणि तसंच झालं! वहिनींनी खुशीला कुंकू लावलं, साडी दिली, नारळ दिला, मावश्यांनी गाणं म्हटलं, आणि माझा पुतण्या अकरा हजार आठशे नव्वद किलोमीटरवरून येऊन आपल्या सोयरिकीत शेवटपर्यंत घोरत होता. सदाशिवराव दीड तास हलले नाहीत. खांदा बधिर झाला तरी हलले नाहीत. घनश्याम म्हणाला, "दाजी, मान बदला त्याची." ते म्हणाले, "एवढ्या दुरून माह्या पोरीसाठी आला. दीड तास मी बी बसतो."

मग त्यांनी मला खुणेनं बोलावलं. हळू आवाजात म्हणाले, "कागद घ्या. आता खरं लिहा. त्याच्या घरापासून तुमच्या घरापर्यंत. बसलेलं धरून."

मी लिहिलं. यावेळी तिकीट पुढं ठेवून. गोठा ते विमानतळ दोन, तिथं बसणं तीन, सिंगापूर अकरा, तिथं बसणं तेरा, मुंबई साडेपाच, तिथं बसणं साडेआठ, नागपूर दीड, महागाव पाच. साडेएकोणपन्नास तास. कागद दिला. वाटलं, आता हा माणूस मानेखालचा खांदा काढून घेईल.

त्यांनी कागद वाचला, घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवला. "हे सांगतो खुशीच्या मायले. चौदा सांगून नाही धाडत मी पोरीले."

खुशी पाणी घेऊन आली होती. ती म्हणाली, "बाबा, मायले माहीत हाय. मी कवाच सांगतलं."

"मंग ते मले काहून नाही बोलली?"

"माय म्हणे, तुह्या बापाले चौदाच राहू दे. दोन दिवस सांगतले त उंबरठ्यावर बसून राहीन तो."

सदाशिवरावांनी तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग खिशावरून एकदा हात फिरवला आणि पाणी प्यायले.

लग्न एप्रिलात आहे. मेमध्ये खुशी जाणार. दादा आता माझ्याशी बोलतो, फक्त वेळ विचारत नाही. लग्नपत्रिकेवर मुहूर्त छापायचा होता तर दादानं मला पत्रिका छापून आल्यावर दाखवली. महागावात नांदेडला जाणारे लोक आता ओट्यावरून हात दाखवून पुढं जातात. हे सगळं मी सोसलं.

पण सदाशिवराव मला रोज संध्याकाळी शिफ्ट सुटली की वणीहून फोन करतात. रोज! जास्त बोलत नाहीत. "थेट सुरू झाली का?" एवढंच विचारतात. मी म्हणतो, "नाही इवाई." ते म्हणतात, "बरं." आणि ठेवतात. म्हणून मी रोज तुमचं पान उघडून बघतो. आणि काल काय दिसलं? ऑकलंड ते नागपूर, चौदा तास पाच मिनिटं! पाच मिनिटं कमी केलीत!

जे विमान नाही, ते पाच मिनिटं लवकर पोचायला लागलं? कोणत्या गावाला चहा बंद केला त्याचा? आज संध्याकाळी सहाला वणीहून फोन येईल. मला आता "थोडी लेट आहे" म्हणायचं नाही आणि मागची गाडीही सोडायची नाही. मुलीच्या बापाला मी काय सांगू? सहाच्या आत लेखी उत्तर द्या. खाली सही करा, आणि नाव वाचता येईल असं लिहा!